देवीने मारले, हे अर्धेच उत्तर

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कोलंबसानंतर अमेरिकेतले मूळ लोक लाखोंनी मेले ते मुख्यतः देवीसारख्या साथींनी. साथ काही कोणी ठरवून आणली नव्हती. मग या मृत्यूंचा ठपका युरोपियांवर का ठेवायचा? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. युरोपीय भारतातही आले, मग इथे तसा संहार का झाला नाही? आणि ते लोक आज कुठे उरले आहेत का?

मी सव्वीस वर्षे महाविद्यालयात जगाचा इतिहास शिकवला. हा प्रश्न वर्गात दर वर्षी यायचाच, आणि विचारणारा सहसा चार पुस्तके जास्त वाचलेला मुलगा किंवा मुलगी असायची. म्हणून मी तो कधी झटकला नाही. साथींनी अतोनात माणसे मारली यात वादच नाही. पण तेवढे सांगून थांबलात, तर १८७६-७८च्या दुष्काळात माणसे पटकीने आणि तापाने मेली म्हणून दुष्काळाला मोकळे सोडल्यासारखे होईल. आपल्या दख्खनमधल्या त्या वर्षांच्या नोंदींत मृत्यूचे कारण म्हणून भूक कमी आणि रोग जास्त लिहिलेला सापडतो. म्हणून त्या माणसांना भुकेने मारले नाही असे आपण म्हणत नाही.

हे समजावताना मी एकच बेट घेत असे: कॅरिबियन समुद्रातले हिस्पानिओला. आज त्याच्या पश्चिम भागात हैती आहे, पूर्व भागात डॉमिनिकन रिपब्लिक. १४९२च्या डिसेंबरात कोलंबस तिथे पोचला तेव्हा बेटावर ताइनो लोकांची गावे होती. लोक किती होते यावर अभ्यासकांचे अजून भांडण चालू आहे. कोणी लाखभर म्हणतात, कोणी दहा लाखांच्याही वर जातात. आपण सगळ्यात कमी आकडा धरू, लाखाचा, म्हणजे फुगवून सांगितल्याचा आरोप नको. आता पुढच्या दोन तारखा बघा. १५१४ मध्ये स्पॅनिश सरकारने बेटावरचे ताइनो वसाहतवाल्यांना वाटून देण्यासाठी मोजले, तेव्हा ते सुमारे २६ हजार भरले. आणि देवीची पहिली साथ बेटावर आली ती १५१८च्या अखेरीस.

म्हणजे देवी यायच्या चार वर्षे आधीच, अगदी कमीत कमी हिशेबानेही, चारातली तीन माणसे संपलेली होती.

दुसरे आजार आलेच नव्हते असे मी म्हणत नाही. १४९३च्या दुसऱ्या सफरीत १७ जहाजांतून हजाराहून जास्त माणसे उतरली, सोबत घोडे आणि डुकरे होती, आणि इसाबेला नावाच्या पहिल्या वसाहतीत खुद्द स्पॅनिश लोकच तापाने पटापट मेले. तो ताप ताइनोंनाही लागलाच असणार. पण त्या वीस-बावीस वर्षांत बेटावर आणखी काय चालले होते ते पाहिल्याशिवाय हा हिशेब लागत नाही.

त्यातली एक वस्तू मी जवळून दाखवतो. युरोपात शिकारी ससाण्याच्या पायाला बारीकसे घुंगरू बांधत, पक्षी झाडीत शिरला तर आवाजावरून सापडावा म्हणून. कोलंबसाने पहिल्या भेटीत ही घुंगरे भेट म्हणून वाटली. ताइनो नाचगाण्याचे शौकीन. त्यांना त्या आवाजाची अशी काही गोडी लागली की घुंगरासाठी ते अंगावरचा सोन्याचा तुकडा काढून देत. मग १४९५ मध्ये कोलंबसाने खंडणी बसवली. सिबाओ नावाच्या सोन्याच्या मुलखात १४ वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोन्याचे कण द्यायचे. जिथे सोने नाही तिथे माणशी एक आरोबा, म्हणजे साधारण साडेअकरा किलो कापूस. ज्याने भरणा केला त्याने गळ्यात धातूचा बिल्ला घालायचा. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला शिक्षा. ज्या घुंगरावर माणसे तीन वर्षांपूर्वी नाचली होती, तेच आता खंडणीचे मापटे झाले.

सोने मिळायचे ते नदीच्या वाळूत, कणाकणाने. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले होते ते पहिल्या एक-दोन हप्त्यांतच गेले. ग्वारिओनेक्स नावाचा एक मोठा सरदार होता. त्याने कोलंबसाला सांगितले की माझ्या माणसांना सोने काढता येत नाही, त्याऐवजी मी बेटाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत तुमच्यासाठी शेत लावून देतो, सगळ्या कॅस्तीलला, म्हणजे कोलंबसाला पाठवणाऱ्या राणीच्या स्पेनमधल्या राज्याला, पुरेल एवढे. ही हकिकत बार्तोलोमे दे लास कासास यांनी लिहून ठेवली आहे. ते स्वतः आधी ताइनोंची वेठ घेणारे वसाहतवाले होते, १५१४ मध्ये त्यांनी आपल्या वाट्याची माणसे सोडून दिली आणि पुढची पन्नास वर्षे या अन्यायाविरुद्ध लिहिण्यात आणि भांडण्यात घालवली. ग्वारिओनेक्सचा देकार मान्य झाला नाही. स्पेनला धान्य नको होते, सोने हवे होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते, कारण इथे दुसरा रस्ता समोर मांडलेला होता आणि तो नाकारला गेला.

त्या शेताबद्दलही सांगायला हवे. ताइनो त्याला कोनुको म्हणत. मोकळ्या मातीचे गुडघाभर उंचीचे ढीग करायचे आणि त्यात कसावाची कांडी आणि रताळ्याचे वेल लावायचे. पाणी साचत नाही, माती वाहून जात नाही, आणि कंद जमिनीतच राहतो, लागेल तेव्हा काढायचा. कसावा म्हणजे ज्याच्या पिठापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. आणि रताळ्याला ताइनो म्हणत ‘बताता’. हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. आपण रोज बटाटा म्हणतो तो शब्द मुळात त्यांचा.

कोनुकोला राबणारे हात लागतात, आणि नेमके तेच हात सोने धुवायला गेले. खंडणीच्या धाकाने माणसे डोंगरात पळाली, लागवड राहिली, आणि १४९५-९६ मध्ये बेटावर दुष्काळ पडला. पावसाने दगा दिल्याचा दुष्काळ नव्हे तो. पुढे १५०३ मध्ये राणी इसाबेलाच्या मंजुरीने एन्कोमिएंदा पक्की झाली. आपल्या पुस्तकांत तिचे भाषांतर ‘जहागीर’ असे करतात, ते मला पटत नाही. जहागिरीत गावाचा महसूल मिळतो. इथे माणसे मिळत: अमुक सरदार आणि त्याची इतकी माणसे अमुक स्पॅनिश माणसाच्या हवाली, त्याने त्यांना धर्म शिकवायचा आणि त्यांच्याकडून काम घ्यायचे. मराठीत याला वेठबिगार हाच शब्द आहे. पुरुष महिनोन्‌महिने लांबच्या खाणींवर, बायका मालकाच्या शेतावर. नवरा-बायको एकत्र नाहीत, मूल झाले तर आईच्या अंगावर दूध नाही. जन्मच कमी झाले. कितीएकांनी कसावाचा विषारी रस पिऊन जीव दिला. कसावाची कडू जात किसून, पिळून, रस काढल्याशिवाय खाता येत नाही, आणि तो रस काय करतो हे प्रत्येक ताइनो घराला ठाऊक होते.

तलवारीचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. १५०३ मध्ये गव्हर्नर निकोलास दे ओवांदो हाराग्वा प्रांतात पाहुणा म्हणून गेला. तिथली राणी आनाकाओना हिने त्याचे स्वागत केले, सरदारांना जमवले. त्या सरदारांना एका घरात कोंडून जाळण्यात आले आणि आनाकाओनाला पुढे फाशी दिली.

१५११च्या डिसेंबरात सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये अंतोनिओ दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने भर प्रवचनात वसाहतवाल्यांना विचारले, ‘हे लोक माणसे नाहीत काय?’ समोर बसलेले लोक खवळले, राजापर्यंत तक्रार गेली, आणि त्यातून १५१२चे बुर्गोसचे कायदे झाले. विद्यार्थ्यांनी हे कायदे जरूर पाहावेत. खाणीत पाच महिने काम झाल्यावर ४० दिवस सुट्टी द्यावी, चौथ्या महिन्यानंतर गरोदर बाईला खाणीत धाडू नये, असे त्यात लिहिले आहे. असा नियम करावा लागला, यावरूनच गरोदर बायका खाणीत जात होत्या हे कळते. सुधारणेचा कायदाच इथे साक्षीदार होतो.

आणि मग, या सगळ्यानंतर, १५१८च्या अखेरीस देवी आल्या. त्याच सुमारास वाचलेल्या ताइनोंना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नव्या गावांत एकत्र आणायचे काम चालू होते. साथीला याहून सोयीचे काय असणार? १५१९च्या जानेवारीत राजाला गेलेल्या पत्रात उरलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मेल्याचे कळवले आहे. हे खरेच आहे. पण ‘ताइनो देवीने संपले’ या वाक्यात ही शेवटची गोष्ट पहिली होऊन बसते.

आता रोगाकडे येतो, कारण तोही नीट समजून घ्यायला हवा. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. तिच्या लहानपणी घरातली तीन मुले एकदम आजारी पडली होती, दोन वाचली. ती सांगायची, उशाशी कडुनिंबाचा पाला, कोणी मोठ्याने बोलायचे नाही, आणि सेवेला बसायची ती तिची आत्या, कारण आत्याला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. या गोष्टीतली आत्या महत्त्वाची आहे. ज्या समाजात देवी शतकानुशतके येत-जात असतात, तिथे घरात एखाद-दुसरे तरी माणूस आधी आजार काढलेले असते. ते उभे राहू शकते, पाणी पाजू शकते, पेज करू शकते. जिथे देवी पहिल्यांदाच येतात तिथे घरातली सगळीच माणसे एका आठवड्यात आडवी होतात. मेक्सिकोतल्या नावाह लोकांनी (अझ्टेक हे त्यांच्यातलेच) १५२०च्या साथीचे वर्णन स्वतःच्या भाषेत लिहून ठेवले आहे. त्यात ते सांगतात की लोकांना कूस बदलता येत नव्हती, आणि पुष्कळ जण उपाशी मेले, कारण कोणाला भरवायला कोणी उठू शकत नव्हते. तापातून उठणारे माणूस पाण्यावाचून गेले, तर ते नुसते रोगाने गेले असे म्हणणे अपुरे आहे. आणि जी धडधाकट माणसे होती ती दुसऱ्या कोणाच्या खाणीत असतील तर?

मेक्सिकोचा उल्लेख झालाच आहे तर तिथला एक गैरसमज काढतो. ‘पाचशे स्पॅनिश सैनिकांनी अझ्टेक साम्राज्य जिंकले’ हे वाक्य मार्गदर्शकांत असते. एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये सुमारे पाचशे सैनिक आणि १६ घोडे घेऊन उतरला हे बरोबर. पण १५२१ मध्ये तेनोच्तित्लान या अझ्टेकांच्या सरोवरातल्या राजधानीला वेढा पडला तेव्हा त्याच्या बाजूने लढणारे बहुतांश लोक तिथलेच होते: त्लाश्काला आणि इतर राज्यांचे हजारो योद्धे, ज्यांचे अझ्टेकांशी पिढीजात वैर होते. त्यांच्या दृष्टीने ते आपलेच युद्ध लढत होते. मलिंत्सिन ही नावाह बाई दुभाषी नसती तर कोर्तेसला बोलणीच करता आली नसती. देवीने या युद्धात अझ्टेकांचा राजा क्वित्लावाक मेला, तसाच त्लाश्कालाचा ज्येष्ठ सरदार माशिश्कात्सिनही मेला. रोगाने बाजू पाहिली नाही. शेवटी शहर पडले ते अडीच महिन्यांच्या वेढ्याने. पिण्याच्या पाण्याचा पाट तोडला, सरोवरात १३ नौका फिरवून धान्य अडवले, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी नवा अझ्टेक राजा क्वाउह्तेमोक पकडला गेला, तोपर्यंत लोक पाली आणि कातडे खात होते.

आता मूळ आक्षेपातला सगळ्यात कच्चा दुवा. साथीने लोकसंख्या कोसळते, पण ती कायमची कोसळत नाही. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपची निदान तिसरा हिस्सा माणसे नेली. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत युरोप भरून आला. मधल्या काळात तर मजुरांची टंचाई झाली म्हणून मजुरी वाढली, कुळांना जमीनदाराशी घासाघीस करता आली. अमेरिकेत उलटे झाले. निम्मे गाव मेले तरी खंडणी जुन्या शिरगणतीवर चालू राही, मेलेल्यांचा वाटा जिवंतांनी भरायचा. नवी मोजणी करून घेण्यासाठी गावेच्या गावे वर्षानुवर्षे अर्ज करत. मध्य मेक्सिकोतल्या सर्वांत भयंकर दोन साथी, ज्यांना नावाह लोक कोकोलिस्तली म्हणत, त्या १५४५ आणि १५७६ मध्ये आल्या. म्हणजे जिंकल्यावर एक पिढी गेली, दुसरी उलटत आली, तरी लोक सावरलेले नव्हते. एखादा समाज साथीतून उठतो तो जमीन, अन्न, विश्रांती आणि मुले यांच्या जोरावर. चारही गोष्टी काढून घेतल्या आणि मग म्हटले, यांची प्रतिकारशक्तीच कमी होती.

पोतोसीचा डोंगर हे याचे दुसरे टोक. आजच्या बोलिव्हियातल्या या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने मिता पद्धत लावली: ठरलेल्या सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा आळीपाळीने खाणीत, वर्षाला १३ हजारांच्या आसपास. मिता हा शब्द आणि पद्धत स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांचीच होती. पण तिथे पाळी संपली की माणूस घरी येई आणि सरकारी कोठारातून त्याला धान्य मिळे. इथे गावेच ओस पडली, कारण पाळी चुकवायला लोक आपले गाव आणि जमीन सोडून परमुलखात कायमचे उपरे झाले. ही चांदी मनिला आणि युरोपमार्गे आशियात येई, आणि सुरतेला उतरलेल्या चांदीचे मुघल टांकसाळीत रुपये पडत. म्हणजे सतराव्या शतकात आपल्याकडे हातोहात फिरणाऱ्या रुपयात पोतोसीचीही चांदी होती.

उत्तर अमेरिकेबद्दल थोडेच. १७६३ मध्ये फोर्ट पिट या आपल्या किल्ल्यात इंग्रजांनी देवीच्या रुग्णालयातली दोन घोंगडी आणि एक रुमाल मुद्दाम तिथल्या लोकांना दिल्याची नोंद आहे, ती अस्सल आहे. पण सगळा आरोप त्या घोंगड्यांवर टांगू नका. त्याहून बोलके उदाहरण १८३८-३९चे आहे. चेरोकी लोकांना त्यांच्या मुलखातून हुसकावून मिसिसिपीपलीकडे नेले, त्यात सुमारे १६ हजारांपैकी चार हजार मेले असे मानले जाते. बहुतेक जण छावण्यांतल्या हगवणीने, गोवराने, थंडीतल्या खोकल्याने गेले. इथेही मृत्यूचे कारण ‘रोग’ असेच लिहिता येईल. छावणीत त्यांना कोणी नेले होते?

आता भारत. इथे देवी आधीपासून होत्याच, म्हणून रोगाचे पारडे उलटे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या इंग्रजांत म्हणच होती की दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य. मरायचे ते तेच. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही, म्हणून गोव्याकडे पाहा. हिस्पानिओलात मोंतेसिनोसने प्रवचन केले त्याच्या वर्षभर आधी, १५१० मध्ये, आफोन्सो दे अल्बुकर्कने गोवा घेतला आणि तिथल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. पुढे देवळे पाडली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले, तेव्हा गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. ऐंशी वर्षांपूर्वी हाराग्वात जे झाले त्याचीच ही आवृत्ती. क्रौर्यात फरक नव्हता.

फरक दोन गोष्टींत होता. पोर्तुगीजांना इथे व्यापार आणि भातशेतीचा सारा हवा होता. म्हणून १५२६ मध्ये त्यांनी गावकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायच्या पद्धतीच्या, चालीरीती लिहून काढल्या आणि सारा भरण्याच्या अटीवर ती चालू ठेवली. ज्याला सारा हवा असतो त्याला शेतकरी जिवंत लागतो. ज्याला फक्त खाणीतले अंग हवे असते, तो एक अंग मोडले की दुसरे आणतो. हिस्पानिओलात ताइनो संपत आले तसे आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, ते असेच. दुसरा फरक असा की गोव्यातल्या माणसाला पळायला जागा होती. मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या बाजूला गेल्या, तो आदिलशाही मुलूख होता. देवासकट गाव उठून दुसऱ्या राज्यात जाऊ शकत होते. समुद्राने वेढलेल्या ताइनोंना डोंगराशिवाय काय होते? त्या डोंगरातही एन्रिकियो नावाचा ताइनो सरदार १५१९ पासून चौदा वर्षे लढला, आणि १५३३ मध्ये स्पेनच्या राजाला त्याच्याशी तह करावा लागला. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, असायला हवे.

आणि ‘भारतात तसे झाले नाही’ हे विधानही पूर्ण खरे नाही. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी सगळी मुले गप्प उभी राहिली, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, हा तुरुंग बांधला ती जमीन कोणाची होती? कोणालाच सांगता येईना. ती ग्रेट अंदमानी लोकांची होती. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली तेव्हा ते काही हजार होते. १८५९ मध्ये पोर्ट ब्लेअरमधल्याच अबर्डीनला त्यांनी बाण घेऊन इंग्रजांवर चाल केली आणि हरले. मग त्यांना ‘अंदमान होम’ नावाच्या घरांत आणून ठेवले, माणसाळवायला. १८७०च्या दशकात त्यांच्यात उपदंश पसरला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१च्या जनगणनेत ते ६२५ भरले, १९६१ मध्ये १९. त्यांच्यातल्या बो भाषेची शेवटची जाणकार, बोआ सीनियर, २०१०च्या जानेवारीत वारली.

याच बेटांवरचे जारवा मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत बाण रोखून बाहेरच्यांना दूर ठेवत राहिले. १९९९ मध्ये गोवर त्यांच्यातही शिरला, आणि पुष्कळ जण आजारी पडले. पण त्यांची जमीन त्यांच्याकडे होती, पोटभर खाणे होते, आणि आजाऱ्यांना रुग्णालयात उपचार मिळाले. १८७७ची वाताहत पुन्हा झाली नाही. रोग तोच होता. तुमच्या मूळ प्रश्नाला मला याहून नेमके उत्तर देता येत नाही.

उरला शेवटचा उपप्रश्न. हो, ते लोक आहेत. मेक्सिकोच्या २०२०च्या जनगणनेत नावाह भाषा बोलणारे साडेसोळा लाखांच्या आसपास निघाले. अँडीजच्या रांगांत केचुआ बोलणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. ताइनो १५५०च्या सुमारास संपले असे जुनी पुस्तके सांगतात, पण पोर्तो रिकोतल्या लोकांच्या जनुकीय तपासणीत निम्म्याहून अधिकांची आईकडची वंशरेषा तिथल्या मूळ बायकांपर्यंत पोचते. कागदावर जी ‘स्पॅनिश घरे’ होती त्यांच्या चुलीपाशी कोण होते हे त्यावरून कळते. त्या चुलीवर होणारी कसावाची पातळ, कडक भाकरी, कसाबे, २०२४ मध्ये क्युबा, हैती, डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि व्हेनेझुएला यांनी मिळून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नोंदवली. कंद किसायचा, वेताच्या लांब विणलेल्या पिशवीत घालून तिला पीळ देऊन विषारी रस काढून टाकायचा, आणि राहिलेले पीठ तव्यावर थापायचे. किसणीला ग्वायो म्हणतात, पिशवीला सिबुकान आणि तव्याला बुरेन. ही तिन्ही नावे ताइनो आहेत, आणि भाकरी करणाऱ्या बायकांच्या तोंडी ती आजही आहेत.